माझ्यावरची सही ऑस्करची नाही

मी दहा डॉलरची नोट आहे, पण मला पैशांबद्दल बोलायचं नाही. मला एका खोट्याबद्दल बोलायचं आहे. ते खोटं एका जाडजूड पुस्तकात छापलेलं होतं, चांगल्या माणसांनी छापलं होतं, आणि वीस वर्षं त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ते माझ्याबद्दल होतं, म्हणून मी गप्प राहणार नाही.

नेब्रास्कातल्या सॉरेल क्रीक गावची फर्स्ट नॅशनल बँक, ही माझी बँक. तिचं नाव माझ्या कपाळावर मोठ्या अक्षरांत आहे. माझ्या काळी गावोगावच्या बँका आपापल्या नावाच्या नोटा काढत. बँकेने सरकारकडे रोखे ठेवायचे, राजधानीतून छापून आलेल्या तावांवर दोघांनी सह्या करायच्या, डावीकडे कॅशिअरने आणि उजवीकडे अध्यक्षाने, की झालं चलन. सही होईपर्यंत मी नुसता कागद होते. म्हणून माझा खरा जन्म छापखान्यातला नाही. तो सॉरेल क्रीकमध्ये, एका बाईच्या टेबलावर झाला.

तिचं नाव ऑर्फा लिंडक्विस्ट.

तिचा नवरा नेल्स आधी कॅशिअर होता. १९१८च्या साथीत तो चार दिवसांत गेला. बँकेची सगळी कामं ऑर्फाला येत होती. नेल्सच्या हयातीतही निम्मी तीच करायची. बँकेचे अध्यक्ष हायरम स्ट्राउड यांना दुसरा माणूस शोधायचा तर पगार द्यावा लागला असता. ऑर्फाला त्यांनी निम्म्या पगारात बसवलं आणि वर उपकाराची भाषा केली.

"एक करा," स्ट्राउड म्हणाले होते. "सही ओ. एम. लिंडक्विस्ट अशी करा. गावाला ठाऊक आहे हो सगळं. पण नोट शहरात, ओमाहापर्यंत जाते. तिकडचे लोक बाईची सही बघून उगाच नाकं मुरडतील."

ऑर्फाने पाच वर्षं तशी सही केली. तिच्या दौतीत माजूफळाची काळी शाई असायची, आणि तिचा 'ओ' इतका गोल यायचा, जणू आत वाटी ठेवून काढलाय.

१९२४च्या फेब्रुवारीत बँकेबद्दल कुजबुज सुरू झाली. शेतमालाचे भाव पडले होते, कर्जं थकली होती. स्ट्राउडसाहेब पंधरा दिवस आधीच छातीला मानवेल अशा हवेसाठी कॅलिफोर्नियाला गेले होते. जाताना 'पुढच्या महिन्याची सोय' म्हणून पन्नास तावांवर आपली सही करून गेले. लोकांना सुगावा लागला आणि एका सोमवारी सकाळी नऊ वाजता बँकेपुढे रांग लागली. ती पार लोहाराच्या दुकानापर्यंत गेली होती.

गल्ल्यातली रोकड अकराच्या आत संपली. उरले ते तिजोरीतले ताव. एकेका तावात आम्ही चौघी बहिणी, एकमेकींना चिकटलेल्या. ऑर्फाने टेबल खिडकीजवळ ओढलं. सही करायची, टिपकागद दाबायचा, घरून आणलेल्या शिवणाच्या कात्रीने कापायचं, खिडकीतून द्यायचं. घाईत माझी खालची कड वाकडीतिकडी कापली गेली. पुढे जाणकारांनी या कडेला बरीच नावं ठेवली. ठेवू देत. त्या दुपारी माझी कड सरळ यावी म्हणून कुणी रांगेत उभं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा खिडकीपुढे अँटन हर्डलिच्का उभा होता. मूळचा चेक देशातला शेतकरी, मिशीत बर्फ.

"ऑर्फाबाई," तो म्हणाला, "तुम्हाला मी ओळखतो. पण उद्या ही नोट घेऊन मी ओमाहाला गेलो आणि तिथल्या माणसाने विचारलं, तुमची बँक तर बुडाली, मग हा ओ. एम. कोण, त्याला कुठे शोधायचं, तर काय सांगू? वाऱ्यावर राहतो म्हणून?"

"बँक बुडाली तरी नोट बुडत नाही, अँटन. तिच्यामागे सरकारचे रोखे आहेत."

"ते सरकारचं झालं. मी माणसाचं विचारतोय."

ऑर्फाने टाक खाली ठेवला, बोटं झाडली आणि पुन्हा उचलला. तो ताव पुढे ओढून तिने चारही नोटांवर पाच वर्षांत प्रथमच पूर्ण नाव लिहिलं. ऑर्फा एम. लिंडक्विस्ट.

"आता सांग त्याला," ती म्हणाली. "पत्ता चर्चच्या मागचं दुसरं घर. दारावर घंटा नाही, ठोठावायला सांग."

अँटनने चौघींमधली एक घेतली. ती मी.

दुसऱ्या दिवशी बँकेला कुलूप लागलं. नोटा चालत राहिल्या, ठेवी बुडाल्या. कागदाचं रक्षण करणारा कायदा होता, माणसांचं रक्षण करणारा अजून व्हायचा होता. तीन दिवसांनी ओमाहातल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली. त्यात शेवटी एक वाक्य होतं: कॅशिअर श्री. लिंडक्विस्ट यांनी खुलासा करण्यास नकार दिला.

श्री. लिंडक्विस्ट पाच वर्षं दफनभूमीत होते. त्यांना खुलासा करणं अवघडच होतं. श्रीमती लिंडक्विस्ट चर्चच्या मागच्या दुसऱ्या घरात होत्या, आणि त्यांचं दार कुणीही ठोठावलं नाही. ओमाहाहून आगगाडीने अडीच तास लागत. बातमी लिहिणाऱ्याला तेवढे पाय हलवायचे नव्हते. त्या एका आळसाने पुढचा सगळा घोटाळा केला, हे मी आज शंभर वर्षांनी सांगते आहे, आणि माझा आवाज अजून खाली आलेला नाही.

ऑर्फाने पुढे गावच्या टेलिफोनच्या खोलीत नोकरी केली. तिने कुणाबद्दल तक्रार केली नाही. स्ट्राउडसाहेब नव्वदीपर्यंत जगले. हवा मानवली असावी.

माझ्या तिघी बहिणी बाजारात गेल्या, हातोहाती मळल्या, राजधानीला परतल्या आणि तिथे त्यांचा लगदा झाला. मला अँटनने आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. पुढे धुळीच्या वादळांची वर्षं आली. घरात पीठ संपलं की त्याची बायको त्या पुस्तकाकडे बघायची.

"दहा डॉलर आहेत तिथे," ती म्हणायची.

"तिथे शब्द आहे कुणीतरी दिलेला," अँटन म्हणायचा, आणि गाय विकायला निघायचा.

या अँटनचा नातू मर्ल आणि ऑर्फाची नात डेल्फीन यांचं १९६८ साली लग्न झालं. गाव लहान, त्यात नवल काही नाही. आहेरात मी आले. मर्लने हौसेने काचेची चौकट केली आणि मला स्वयंपाकघरात, दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगलं. घाईत केलेली ती बारीक सही तेव्हा दोघांनीही नीट वाचली नाही; आकडा आणि गावाचं नाव वाचलं. आम्हाला उन्हात टांगू नये हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पंचवीस वर्षं मी त्यांची न्याहारी पाहिली, भांडणं ऐकली, आणि रोज थोडी थोडी फिकट होत गेले. छापील शाई टिकली. ऑर्फाचं नाव मात्र आधी तपकिरी झालं, मग चहाच्या डागासारखं, मग जवळजवळ नाहीच.

मर्ल तोवर जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळाचा सभासद झाला होता. या मंडळाचं एक पुस्तक आहे. कुठल्या गावच्या बँकेच्या किती नोटा आज उरल्या आहेत, त्यांचे अनुक्रमांक काय, सह्या कुणाच्या, सगळं त्यात असतं. आमची किंमत त्यावरच ठरते. हजारो उरल्या असतील तर आम्ही नुसते जुने कागद. तीनच उरल्या असतील तर माणसं आमच्यासाठी विमानाने येतात. सॉरेल क्रीकच्या तीन नोटांची नोंद होती. दोघी परक्या संग्रहात, तिसरी मी. माझी नोंद मर्लनेच टपालाने पाठवली होती, आणि बँक तीच, म्हणून सहीही तीच, असं धरून सह्यांच्या रकान्यात एकच ओळ होती: ओ. एम. लिंडक्विस्ट.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मर्लने मला चौकटीतून काढलं. डोळ्याला भिंग लावलं, दुकानातून आणलेलं नवं फाउंटन पेन उघडलं आणि श्वास रोखून ती फिकट सही गिरवली. 'ओ' दिसत होता, तो गिरवला. त्यानंतरच्या बारीक रेषा त्याला सुरकुत्या वाटल्या, तिथे त्याने एक टिंब दिलं. मग 'एम', मग लिंडक्विस्ट. शेताच्या कामाने राठ झालेला तो हात त्या दिवशी एकदाही हलला नाही.

सकाळी डेल्फीनने पाहिलं.

"मर्ल, आई म्हणायची की आजीने त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं होतं."

"अगं, पुस्तकात बघ ना. तिन्ही नोटांवर ओ. एम. आहे. ते लोक काय खुळे आहेत?"

डेल्फीनने पुस्तकाकडे पाहिलं, मग त्याच्या शाईने निळ्या झालेल्या बोटाकडे पाहिलं.

"छान उमटलंय," ती म्हणाली.

माणसांची ही खोड मी आयुष्यभर पाहिली आहे. आई सांगते ते ऐकीव, आणि छापलेलं असलं की खरं. मी स्वतः छापलेली आहे, म्हणून सांगते, छापलेल्यावर इतकं विसंबू नका.

दहा वर्षांनी पुस्तकाची नवी आवृत्ती आली. तिच्यात 'ओ.' गेलं आणि 'ऑस्कर' आलं. ऑस्कर एम. लिंडक्विस्ट, कॅशिअर. ऑर्फाला पाच वर्षं निम्मा पगार मिळाला होता. ऑस्करला एका दिवसाचंही काम न करता तिची खुर्ची मिळाली.

मर्लचे डोळे तेव्हा अधू झाले होते, त्याने नवी आवृत्ती फारशी उघडलीच नाही. तीन वर्षांपूर्वी तो गेला. गेल्या हिवाळ्यात त्याचं कपाट आवरताना डेल्फीनच्या हाती ते पुस्तक लागलं, आणि आपल्या आजीच्या जागी कोण बसलंय ते तिने वाचलं. तिचं वय आता एकोणऐंशी. एकतीस वर्षं गावच्या शाळेत तिने रसायनशास्त्र शिकवलं. तिने आरडाओरड केली नाही. पुढची आवृत्ती कधी छापणार, एवढं फोन करून विचारलं.

येत्या सोमवारी, असं उत्तर आलं. शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या दालनात नोटांचा मेळावा होता. पुस्तकातली यादी सांभाळणारा लोवेल व्हान्स तिथे येणार होता. सोमवार उलटला की ऑस्कर आणखी वीस वर्षं कॅशिअर राहणार होता, आणि डेल्फीनकडे वीस वर्षं नव्हती.

ती मला टणक पाकिटात घालून, मांडीवर धरून गेली.

लोवेल मर्लचा जुना मित्र. टेबलावर चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचा, वाडगा आणि दालचिनीचा रोल ठेवून तो छपाईची मुद्रितं तपासत होता.

"लोवेल, हा ऑस्कर कोण?"

त्याचा रोल चिलीत बुडता बुडता थांबला. "कुठला ऑस्कर?"

"माझ्या आजीच्या खुर्चीत बसलाय तो."

लोवेलने पान काढलं. चष्मा वर केला, खाली केला. "हे मीच केलं होतं गं. त्या वेळी सगळ्यांची पूर्ण नावं घालायची असं ठरलं होतं. रकाना रिकामा दिसत होता. जनगणनेत शोधलं, तर शेजारच्या काउंटीत एक ऑस्कर लिंडक्विस्ट सापडला. वय बरोबर जुळत होतं."

"आणि धंदा?"

लोवेल पानाकडे बघत म्हणाला, "घोड्यांना नाल मारायचा."

"मग बँकेत घोडे ठेवी ठेवायला यायचे का?"

शेजारच्या टेबलावरून हसू आलं. तिथे ड्वेन हॅडली बसला होता, नोटांचा व्यापारी. "नमस्कार बाई," तो म्हणाला. तो तिचा एकेकाळचा विद्यार्थी. "दाखवा तरी."

ड्वेनने मला हातात घेतलं. आम्हाला हात लावणारे दोन प्रकारचे असतात. काही आधी गावाचं नाव वाचतात, काही आधी कडा बघतात. ड्वेन कडा बघणारा. मग त्याने भिंग सहीवर आणलं आणि तोंड वाकडं केलं.

"गिरवलेली आहे बाई. कुणी केलं हे?"

"माझ्या नवऱ्याने."

"मूळ सही असती तर गोष्ट निराळी. अशा नोटेचे मी चारशे देईन. तेसुद्धा तुम्ही आहात म्हणून."

"मी विकायला आलेले नाही."

लोवेलने मला परत घेतलं आणि तो हळूच बोलला. "डेल्फीन, पुरावा लागतो. तुझ्या आईचं सांगणं मी छापू शकत नाही. आणि नोट म्हणशील तर हिच्यावर ओ. एम.च आहे. मर्लच्याच हातचं."

डेल्फीन खुर्चीवर बसली. पन्नास वर्षं जो माणूस तिच्या बाजूने उभा राहिला, तोच आता माझ्या अंगावरून तिच्याविरुद्ध साक्ष देत होता. मला बोलता आलं असतं तर त्या वेळी आलं असतं. ऑर्फाचं नाव माझ्या अंगात मुरलेलं होतं, फक्त वर दिसत नव्हतं.

"ड्वेन," ती म्हणाली, "तुझ्याकडे तो जांभळा दिवा असतो ना?"

"असतो. डिंकाने सांधलेल्या नोटा पकडायला."

"रसायनशास्त्रात तुला काय मिळालं होतं?"

"सी, बाई."

"डी मिळाला होता. म्हणून सांगते. माझ्या आजीची दौत अजून माझ्याकडे आहे. माजूफळाची शाई. तिच्यात लोखंड असतं. रंग उडाला तरी लोखंड कागदात राहतं, आणि त्या दिव्याखाली काळं दिसतं. मर्लची शाई दुकानातली, नुसता रंग. लोखंड उरलं असेल तर दिसेल. नसेल तर मी घरी जाते."

ड्वेनने दिवा लावला. दालनात उजेड फार होता, म्हणून लोवेलने आपला कोट काढून वर धरला, आणि तिघांची डोकी त्या कोटाखाली आली. लोकरीचा आणि चिलीचा वास होता. जांभळा उजेड माझ्यावर पडला. मर्लची निळी शाई हळदीच्या जुन्या डागासारखी विरली. तिच्याखालून, त्याने सुरकुत्या समजलेल्या जागेतून, काळी अक्षरं वर आली.

मग लोवेलने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, शाळेतल्या मुलासारखं.

"ऑर्फा," तो म्हणाला. "ऑर्फा एम. लिंडक्विस्ट."

"दुसऱ्यांदा वाच," डेल्फीन म्हणाली. त्याने वाचलं.

लोवेलने कोट तसाच खुर्चीवर टाकला, पेन घेतलं आणि मुद्रितातल्या ऑस्करवर आडवी रेघ मारली. "वीस वर्षं," तो म्हणाला. "मी एकदा फोन करायला हवा होता तुला."

"हवा होता. आता त्या बिचाऱ्याला घोड्यांकडे परत पाठव."

ड्वेनची नजर मात्र माझ्यावरून हलत नव्हती. "बाई, बाईची पूर्ण सही, आणि या बँकेची अशी ही एकच. माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे. मर्लकाकांची शाई औषधाने अलगद उचलेल, खालचं तसंच राहील. मग मी चार हजार देतो. आत्ता, इथे."

"आणि शाई तशीच ठेवली तर?"

"तर तेच. फार तर पाचशे."

मला ठाऊक होतं, आणि तिलाही, की घर तापवायची भट्टी ऑक्टोबरपासून बंद आहे आणि ती कोट घालून झोपते. कारागीर चांगला असेल तर खालचं नाव खरंच राहिलं असतं. तिने ते नाकारलं नाही. तिने मला पुन्हा उजेडात धरलं. वर आता पुन्हा मर्लचंच निळं 'ओ. एम.' दिसत होतं, न हललेल्या हाताचं.

"म्हणजे या गिरवण्याची किंमत साडेतीन हजार डॉलर," ती म्हणाली.

"झाली ना, बाई."

"त्रेपन्न वर्षांच्या संसारात मर्लने मला एवढी महाग वस्तू कधी दिली नव्हती."

तिने मला पाकिटात घातलं. "भट्टीसाठी त्याची पिकअप विकते. तिच्यावर त्याने काही लिहिलेलं नाही."

लोवेल अजून लिहीत होता. "शेऱ्यात काय घालू? नियमाप्रमाणे 'फेरफार केलेली' असं येतं."

"फेरफार लबाड माणसं करतात. 'नवऱ्याने गिरवलेली' असं लिही."

"असा शेरा पुस्तकात नसतो गं."

"ऑस्करही बँकेत नव्हता," डेल्फीन म्हणाली.

सोमवारी पुस्तक छपाईला गेलं. तिसरी नोट, सॉरेल क्रीक: कॅशिअर ऑर्फा एम. लिंडक्विस्ट. सही नवऱ्याने गिरवलेली.

आता मी भिंतीवर नाही. डेल्फीनच्या शिवणाच्या खणात, अंधारात, ऑर्फाच्या रिकाम्या दौतीशेजारी एका चपट्या डबीत असते. खालच्या मजल्यावर नवी भट्टी घुरघुरते, तिची ऊब खणापर्यंत येते. अंगणात जिथे पिकअप उभी असायची तिथे तेलाचा एक डाग आहे, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती.

ज्यांच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल त्यांना एवढंच सांगते. आम्हाला धुऊ नका, इस्त्री करू नका, वाकड्या कडा सरळ कापू नका, उन्हात टांगू नका. फिकट झालेलं नाव प्रेमानेही गिरवू नका; आणि कुणी गिरवलंच असेल तर घाईने पुसू नका. यादी करणाऱ्यांनो, रकाना रिकामा असेल तर राहू द्या. त्यात हाताला लागेल तो माणूस बसवू नका. आधी जाऊन एक दार ठोठावा.

आणि माझा भाव करायचाच असेल तर अंकाच्या आधी नावं वाचा. दोन्ही वाचा, वरचं निळं आणि खालचं काळं.